नकाशात नसलेली तार

१ जानेवारी १९८५, मंगळवार
नवीन वर्ष, नवीन वही. संकल्प: रोज लिहिणं. तंबाखू बंद. खोटं बोलणं बंद, अगदी नड असल्याशिवाय. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, तेव्हा मोकळेपणानं लिहायला हरकत नाही.

आज सोसायटीत मोठी बातमी. यंदा आमच्या गावच्या आंब्याच्या मोहोरावर हेलिकॉप्टरनं फवारणी होणार. तुडतुडे मारायला आकाशातून औषध! कंपनीला आधी एक नकाशा हवाय. बागांच्या आसपास उंच झाडं, विजेचे खांब, तारा, जे जे म्हणून हेलिकॉप्टरच्या वाटेत येईल ते सगळं दाखवायचं. चेअरमन भिकाजीराव म्हणाले, हे काम जाणकाराचं आहे, करणार कोण? मी सोसायटीचा चिटणीस. म्हटलं, मी सहा वर्षं सांताक्रूझ विमानतळावर काढली आहेत.

अगदी विमानतळावर नाही, शेजारी. कलिन्याला साबणाच्या गोडाऊनमध्ये कारकून होतो. पण दिवसाला साठ-सत्तर विमानं डोक्यावरून जायची. इतक्या जवळून विमान बघितलेला माणूस या पंचक्रोशीत दुसरा नाही.

तंबाखू उद्यापासून बंद.

५ जानेवारी, शनिवार
योजना: चार दिवस सगळा डोंगर पायी फिरणे. खालची वाडी, मधला व्हाळ म्हणजे ओढा, वरचा कातळाचा सडा. झाड न् झाड, खांब न् खांब. सकाळी सातला निघालो. पहिल्या बांधावर चपलेचा अंगठा तुटला.

परत आलो. पडवीत बसून बघितलं तर सगळा गाव समोर दिसतो. मग पायपीट कशाला? विमानवाला तरी वरूनच बघणार ना! पडवीतून अकरा अडथळे मोजले, दोन आठवणीतले धरून. घराच्या मागचं दिसत नाही, पण मागे काही असेल असं वाटत नाही.

९ जानेवारी, बुधवार
नकाशा तयार. रत्नागिरीहून रंगीत पेन्सिली मागवल्या होत्या. माड हिरवे, खांब काळे, व्हाळ निळा. कोपऱ्यात दिशा दाखवणारा बाण, त्याला पिसं काढली. खाली माझी सही, तिच्याखाली दोन रेघा. भिकाजीराव म्हणाले, छापल्यासारखा दिसतो.

सगुणेनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, चुलीपुढून उठून येऊन हात पुसत बघितला आणि विचारलं, तार कुठाय?

बायकांना नेमकं नको तेच दिसतं.

तारेचं असं आहे. दोन वर्षांपूर्वी मी सोसायटीत 'आंबा पेटी तारवाहतूक योजना' आणली. सड्याच्या टोकावर जांभळीला एक टोक, खाली वाडीत तुळसाच्या घराशेजारी आइनाच्या झाडाला दुसरं, मध्ये व्हाळावरून सात-आठशे फूट पोलादी तार. आकडा अडकवून पेटी सोडायची की खाली. कल्पना उत्तम होती. उद्घाटनाला जिल्ह्याचे साहेब आले. पेटी अपेक्षेपेक्षा जरा वेगानं आली आणि साहेबांच्या पांढऱ्या पँटवर फुटली. पंधरा दिवसांत लेखी हुकूम आला, तार तत्काळ काढा. मी लेखी उत्तर दिलं, तार काढली. ते सोमवारी लिहिलं. मंगळवारी काढणार होतो. कुठल्या मंगळवारी, ते ठरलं नव्हतं.

मधल्या काळात वाडीतल्या बायकांनी ती ताब्यात घेतली. भिकाजीराव व्हाळाकडे फिरकत नाहीत, त्यांना ती गेली असंच वाटतं. आता तिच्यावरून गवताचे भारे, लाकडं, वाळल्या पानांचा पातेरा खाली येतात.

सगुणेला समजावलं, कागदावर तार नाही. नकाशाही कागदच आहे. दोन कागदांत मेळ हवा. ती परत चुलीकडे गेली. पटलं असावं.

१२ जानेवारी, शनिवार
नकाशा टपालानं रवाना. पोस्टमास्तरांना उघडून दाखवला. त्यांनीही बाणाचं कौतुक केलं.

४ फेब्रुवारी, सोमवार, दुपारी
कंपनीचं पत्र आलं! 'नकाशा सुबक आहे.' पुढे: 'आमच्या वैमानिकांच्या नियमाप्रमाणे नकाशा तयार करणाऱ्या व्यक्तीने १६ फेब्रुवारीच्या पहिल्या पाहणी-फेरीत वैमानिकाच्या शेजारी बसावे.'

शेजारी! मी! खालच्या वाडीपर्यंत जाऊन सगळ्यांना सांगून आलो. वाण्याकडून काळा चष्मा उसना आणला.

४ फेब्रुवारी, संध्याकाळी
जेवताना सगुणेनं विचारलं, इमान व्हाळातनं जानार ना? म्हटलं, व्हाळाच्या दोन्ही अंगाला बागा, तेव्हा तिथूनच जाणार, आणि अगदी खालून, झाडांच्या शेंड्याला हात लागेल इतकं. ती म्हणाली, मंग ती तार?

भात तसाच राहिला.

६ फेब्रुवारी, बुधवार
घाबरण्याचं कारण नाही. उपाय साधा आहे. कंपनीला दुरुस्तीचं पत्र टाकायचं. मसुदा पहिला: 'नजरचुकीने एक तार राहून गेली.' पण तार कुठून आली, हे विचारतील. मसुदा दुसरा: 'अलीकडेच एक तार आढळून आली.' पण ती साहेबांच्या पँटवाली, हे भिकाजीराव ओळखतील. मग दोन वर्षांपूर्वीचं 'तार काढली' बाहेर येणार आणि चिटणीसपद जाणार. मसुदा तिसरा फक्त 'महोदय' एवढाच झाला.

तिन्ही फाडले. कागद वाया गेला असं मानत नाही, विचाराला दिशा मिळाली. तंबाखू या गडबडीत सोडणं शरीराला बरं नाही.

८ फेब्रुवारी, शुक्रवार
नवी दिशा: तारच काढायची. एक दिवसापुरती. मग नकाशा खरा, पत्र खरं, मी खरा.

तुळसाकडे गेलो. तिचा नवरा धाकू मुंबईला गिरणीत. वाडीतल्या बायकांची ती पुढारी, तारेवर तिचाच हुकूम चालतो. तिला म्हटलं, सोळा तारखेला तार काढून ठेवा. तिनं विचारलं, कशापायी? म्हटलं, तांत्रिक कारण आहे.

मग तिनं मला उभ्याउभ्या हिशेब ऐकवला. भाजावळीचे दिवस, भाताची रोपं करायची जमीन भाजायला सगळा पातेरा सड्यावरून खाली आणायचा. अकरा घरं, पुरुष सगळे मुंबईला. घाटीच्या उभ्या पायवाटेनं एक भारा आणायला दीड तास लागतो. मागल्या वर्षी तारेचा आकडा मोडला तेव्हा हौसा भाऱ्यासकट घाटीवरून घसरली, ती अजून लंगडते. वर म्हणाली, तार काडू की, अर्ध्या घटकेचं काम हाय, पन कारन सांगा दादानू.

कारण सांगितलं तर ते संध्याकाळपर्यंत भिकाजीरावांच्या ओटीवर पोचणार. मी म्हटलं, गोपनीय आहे. ती म्हणाली, मंग ऱ्हाऊ द्या गोपनीय, आणि भारा बांधायला वळली.

बायकांना व्यापक दृष्टी नसते.

११ फेब्रुवारी, सोमवार
स्वतःच काढायचं ठरवलं. पाना घेतला, सड्यावर गेलो, जांभळीवर चढलो. तार बारा-तेरा फुटांवर बांधली आहे. लहानपणी मी माडावर चढत असे. निदान चढताना बघत तरी असे.

वर पोचल्यावर दोन गोष्टी ध्यानात आल्या. बोल्ट गंजून एकजीव झाला आहे. आणि खाली बघायचं नसतं.

दोन तास खोडाला मिठी मारून होतो. लाल मुंग्या. दहाच्या सुमाराला बायका आल्या. कोणी काही विचारलं नाही. माझ्या कानाशेजारी आकडा अडकवून चार भारे खाली सोडले. प्रत्येक भारा सुटला की झाड हलायचं आणि मी डोळे मिटायचो. मग तुळसानं वर बघून विचारलं की दादानू, खाली जायाचं तर आकड्याला अडकवू काय? सगळ्या हसल्या. शेवटी शिडी आणली.

नुसती पाहणी करत होतो, असं सांगितलं.

१४ फेब्रुवारी, गुरुवार
कॅप्टन मेहेरजी जीपनं आले. वैमानिक. मला वाटलं होतं तरुण, रुबाबदार असतील. पन्नाशीचे, टक्कल, खिशात आल्याच्या वड्या. पारशी ढंगाचं मराठी बोलतात. उद्या हेलिकॉप्टर येणार, परवा पाहणी-फेरी.

भिकाजीरावांच्या ओटीवर पोहे. कॅप्टननी माझा नकाशा मांडीवर उलगडला आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत बोट फिरवलं. मग सांगू लागले की तार कधी डोळ्याला दिसत नाही. आम्ही तार बघत नाही, खांब बघतो. दोन खांब दिसले की मध्ये तार आहे असं धरून चालतो. झाडाला बांधलेली तार असली तर मात्र काही इलाज नाही. त्यांचा एक जोडीदार होता, एकाच खोलीत राहायचे. उसाच्या मुलखात फवारणीला गेला. दोन झाडांच्या मध्ये कोणीतरी तार ओढली होती. त्या गावानंही नकाशा दिला होता, म्हणाले. छान होता. रंगवलेला होता.

मी पोह्यांची बशी खाली ठेवली.

मग त्यांनी सरळ माझ्याकडे बघून विचारलं, ह्यात नाही असं काही आहे? भिकाजीराव माझ्याकडे बघत होते. मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं, या वेळी जरा मोठ्यानं.

त्यांनी वडी तोंडात टाकली, नकाशाची घडी घातली आणि एकटेच वाडीकडे फिरायला गेले. शहरी माणसांना निसर्गाची हौस असते.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार
हेलिकॉप्टर सड्यावर उतरलं. पुढे काचेचा फुगा, दोन्ही अंगांना फवाऱ्याचे लांब दांडे. त्या फुग्यात दोन खुर्च्या. दुसरी माझी.

सकाळपासून ताप आहे. काखेत कांदा धरूनही अंग गरम होईना, पण ताप आतला असतो. सड्यावर निरोप पाठवला की चिटणीस आजारी आहेत, फेरी त्यांच्यावाचून करावी. कॅप्टनचा उलटा निरोप आला, नकाशा करणारा बसल्याशिवाय मी उडत नाही, बरे होईपर्यंत थांबतो. मग भिकाजीराव स्वतः आले. मोहोर पुरा फुललाय, तुडतुडे पडलेत, एकेक दिवस म्हणजे एकेक बाग. चाळीस घरांचा आंबा तुमच्यासाठी अडलाय, म्हणाले. आणि डोक्याला हात लावून बघितलं, म्हणाले, ताप नाही, कांद्याचा वास येतोय.

घरात बसलो तर गाव समोर. वर गेलो तर तार समोर. बोललो तर नोकरी गेली. तिन्ही दारं मीच बांधली आणि मीच आत राहिलो. सगुणा म्हणते, एक वाक्य बोला नि मोकळे व्हा. ती सरकारी कामकाजात कधी नव्हती.

१६ फेब्रुवारी, शनिवार, पहाटे
झोप लागली नाही. मला भीती वाटते. हे वाक्य खोडायचं नाही, वही माझी आहे.

मरायची वाटते. त्या टकल्या माणसाला माझ्यामुळे मरण यायची त्याहून जास्त वाटते. त्याची खोली, त्या खोलीतली दुसरी रिकामी खाट, हेच डोळ्यांपुढे येतं.

ठरलं. आज जमिनीवर असतानाच सांगायचं. बसायच्या आधी. 'कॅप्टनसाहेब, एक तार आहे.' चारच शब्द. आरशापुढे सहा वेळा म्हटले, सहाही वेळा चांगले जमले.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळी
क्रमानं लिहितो.

सड्यावर सगळा गाव. सांगायला पुढे झालो तर भिकाजीरावांनी गळ्यात हार घातला आणि भाषण सुरू केलं. विमानविद्येतले जाणकार, आपल्या गावचे भूषण, सांताक्रूझ वगैरे. त्या भाषणानंतर चार शब्द बोलणं अवघड होतं. कॅप्टननी पट्टा बांधता बांधता तिसऱ्यांदा विचारलं, काही सांगायचंय? मी हाराकडे बघितलं. म्हटलं, नाही. म्हणजे मान हलवली. हार हलला.

उडालो. आमची पडवी काडेपेटीएवढी दिसली. घराच्या मागे खांबांची अख्खी रांग. नकाशात एकही नाही. कॅप्टन मांडीवरच्या कागदावर पेन्सिलीनं खुणा करत राहिले. मी नकाशात दाखवलेले दोन माड शोधूनही दिसले नाहीत. तेव्हा आठवलं, ते ब्याऐंशीच्या वादळात पडले.

मग व्हाळ. दोन्ही अंगाला मोहोरलेली झाडं, आम्ही त्यांच्या शेंड्याबरोबर. मी तार शोधतो. दिसत नाही. कॅप्टननी सांगितलंच होतं दिसत नाही म्हणून. जांभळ मात्र दिसली, सरळ समोर, मोठी होत होत. तिथून ती तार आमच्या गळ्यापर्यंत आली आहे हे मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं.

मी किंचाळलो, तार! तार आहे! आणि दोन्ही हातांनी त्यांचा दंड धरला.

हेलिकॉप्टर एका अंगाला कललं. फवाऱ्याचा दांडा आंब्याच्या शेंड्यात घुसला, काचेवर मोहोरच मोहोर झाला. दांडा मोडल्याचा आवाज आला. कॅप्टननी कसं ते सावरलं देव जाणे. सड्याच्या कडेला कातळावर तिरपं टेकलो, जांभळीपासून पन्नास पावलांवर. पाती थांबेपर्यंत दोघंही बसून होतो.

त्यांनी विचारलं, कुठं लागलं का? मी सगळं सांगून टाकलं. सोमवार, मंगळवार, पँट, पेटी, पडवी, कांदा, सगळं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, आता माझा हात सोडा. तेव्हा कळलं, अजून धरूनच होतो.

मग त्यांनी बोटानं जांभळीकडे दाखवलं. बुंध्याशी तारेचं भलंमोठं वेटोळं. त्यावर तुळसा बसलेली, पान जुळवत.

तार पहाटेच उतरवली होती. परवा वाडीत फिरताना कॅप्टननी बायकांना एवढंच विचारलं होतं, की वरून खाली भारे कसे आणता? त्यांनी तार दाखवली. कॅप्टन म्हणाले, एक दिवस काढाल का? तुळसानं कारण विचारलं. त्यांनी सांगितलं, नाहीतर माणूस मरेल. बस. तीन बायका, करवतीचं एक पातं आणि अर्धी घटका.

मी विचारलं, ठाऊक होतं तर मला वर नेलंत कशाला? कॅप्टन म्हणाले, तीनदा विचारलं, वाटलं होतं तिसऱ्यांदा तरी जमिनीवर सांगाल. मग म्हणाले, तुम्हाला शेजारी बसवलं ही माझीही चूकच.

ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

१८ फेब्रुवारी, सोमवार
हेलिकॉप्टर ट्रकवरून गेलं. यंदाची फवारणी रद्द. कॅप्टनच्या अहवालाची प्रत सोसायटीत आली. गावात आढळलेले अडथळे सत्तावीस. नकाशात दाखवलेले अकरा, पैकी दोन अस्तित्वात नाहीत. अपघाताच्या वेळी वाटेत असलेला अडथळा: एक. स्थान: शेजारची खुर्ची. वर्णन: चिटणीस.

अपघाताला कारण म्हणून मात्र त्यांनी स्वतःचं नावही लिहिलं आहे, माझ्या नावाच्या वर.

भिकाजीरावांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. कोणी हसलं नाही. मला हसलेलं चाललं असतं. खालच्या वाडीतला रावजी एवढंच म्हणाला, मोहोर गेला तर वर्ष गेलं. त्याच्या घरात त्या बागेवाचून दुसरं काही नाही. मी तोंड वर केलं नाही.

ठराव झाला: उरलेला मोहोर पायपंपानं फवारायचा, पहिला पंप चिटणिसांनी मारायचा. आणि नकाशा पुरा करून पाठवायचा, पायी फिरून.

२ मार्च, शनिवार
बारा दिवस वही उघडली नाही. पंप मारून मारून पाय लाकूड झाले. रावजीच्या बागेचा निम्मा मोहोर वाचला. निम्मा काळा पडला. त्याबद्दल काय लिहायचं ते सुचत नाही.

सगळा डोंगर पायी फिरलो. सगुणा बरोबर होती. तिनं दाखवले ते आणखी दोन अडथळे धरून एकोणतीस झाले. काल तार काढली, म्हणजे नकाशात काढली, लाल शाईनं. सगुणेनं पट्टी धरली तरी रेघ सरळ आली नाही. सहीखाली या खेपेला रेघा मारल्या नाहीत. बाणाला पिसं काढली, तेवढी हौस राहू दे.

खरी तारही परत चढली. नवा बोल्ट. बायकांनी तिला जुन्या लुगड्याच्या लाल चिंध्या दहा-दहा हातांवर बांधल्या आहेत. आता मैलावरून दिसते. हे आधीच का सुचलं नाही, असं तुळसाला विचारलं. ती म्हणाली, वरनं कोन जानार हाय ते आमाला सांगितलं कुनी?

आज सकाळी तिचा निरोप आला, खाली भारे सोडवून घ्यायला माणूस कमी आहे. हौसाचा पाय दुखतो. सोसायटीनं मला तूर्त रजेवर ठेवलंय, तेव्हा मोकळाच होतो. मनाशी म्हटलं, उतरणीचं नियंत्रण हेही विमानविद्येच्या जवळचंच काम आहे. काळा चष्मा लावून गेलो.

सोळा भारे उतरले, पैकी एक अंगावर. चष्मा फुटला. तो वाण्याचा होता.

भारा सोडण्याआधी तुळसा दर वेळी सड्यावरून हाक मारते, खाली कोन हाय? मी ओरडतो, मी आहे! ती वरून ओरडते, मंग बाजूला व्हा.

मी बाजूला होतो.